नकार देणाऱ्याच्या शेजारच्याच दालनात अपील: राज्य सेवा हक्क आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. राज्य मुख्य सेवा हक्क आयुक्त व सर्व विभागांचे मा. आयुक्त,
महाराष्ट्र राज्य लोकसेवा हक्क आयोग

विषय: पहिले आणि दुसरे अपील नकार देणाऱ्या कार्यालयाच्याच उतरंडीत ऐकले जाण्याबाबत

महोदय, महोदया,

मी महसूल खात्यात चौतीस वर्षे नोकरी केली. लिपिक म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. हल्ली दर शनिवारी आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात बसतो आणि लोकांचे अर्ज, अपिले लिहून देतो. हे काम मी का सुरू केले ते आधी सांगतो, कारण पुढची मागणी त्यातूनच आली आहे.

2016 च्या उन्हाळ्यात मी तहसील कार्यालयात दाखल्यांच्या टेबलावर होतो. एका शेतमजुराचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आला. मुलाला प्रवेशासाठी दाखला हवा होता. सातबाऱ्यावर क्षेत्र बऱ्यापैकी दिसत होते. मी टिपणी लिहिली: ‘सातबारावरील क्षेत्र विचारात घेता नमूद उत्पन्न विश्वासार्ह वाटत नाही, सबब अर्ज नामंजूर करण्यास हरकत नसावी.’ साहेबांनी सही केली आणि अर्ज गेला. खाते सामाईक होते, त्यावर चार भावांची नावे होती आणि या माणसाच्या वाट्याला चौथा हिस्सा येत होता. हे मी पाहिले नव्हते. त्या दिवशी माझ्यापुढे साठ-सत्तर अर्ज होते.

मे अखेरीस माझी बदली प्रांत कार्यालयात, म्हणजे तहसीलच्या वरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात झाली. तीन आठवड्यांनी टपालात एक अपील आले आणि ते माझ्याच टेबलाकडे आले. त्याच माणसाचे, त्याच नकाराविरुद्ध. रिवाजाप्रमाणे मी ते ‘स्वयंस्पष्ट अभिप्रायासह अहवाल सादर करावा’ असे पत्र लावून खाली तहसीलला पाठवले. आठ दिवसांनी तीन ओळींचा अहवाल आला. त्या तीन ओळी माझ्याच टिपणीतून उतरवलेल्या होत्या. ‘विश्वासार्ह’ हा शब्द मी घाईत चुकीचा लिहिला होता, ती चूकसुद्धा तशीच उतरली होती.

सुनावणीला तो माणूस आला. दोन मिनिटे उभा राहिला. हातात सातबारा होता, बोट चार नावांवर ठेवलेले होते. साहेबांनी ‘बघतो’ म्हटले. संध्याकाळी आदेशाचा मसुदा मीच लिहिला: ‘तहसील कार्यालयाच्या अहवालाचे अवलोकन केले असता अपिलात तथ्य दिसून येत नाही.’ चाळीसेक कागदांच्या गठ्ठ्यात तो सहीला गेला आणि सही होऊन आला. म्हणजे नकार मी लिहिला, नकाराचे समर्थन माझेच आले आणि त्या समर्थनाला मान्यताही मीच लिहिली. साहेब सज्जन होते, त्यांनी कधी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. त्यांना यातले काही माहीत नव्हते. मला माहीत होते आणि मी गप्प बसलो.

ती चूक माझी होती आणि तिची जबाबदारी मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही. पण चूक होण्यासारखी वाट आधीच पडलेली होती आणि आजही ती तशीच आहे, म्हणून हे पत्र.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला तेव्हा आमच्या कार्यालयात धास्ती पसरली होती, हे मी स्वतः पाहिले आहे. ठरल्या मुदतीत सेवा द्यायची, नाही दिली तर लेखी कारण द्यायचे, त्यावर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी आयोगाकडे तिसरे अपील. चुकणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती. ‘आता हे पैसे पगारातून जाणार’ असे सगळे बोलत होते. दोन-तीन महिन्यांत धास्ती ओसरली, कारण शास्ती लावणारे आपलेच साहेब आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आले.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालय देते आणि त्यावरचे पहिले अपील प्रांत ऐकतात. ग्रामपंचायतीची सेवा ग्रामसेवक देतो; पहिले अपील सहायक गटविकास अधिकारी ऐकतात आणि दुसरे गटविकास अधिकारी. हे दोघे पंचायत समितीच्या एकाच इमारतीत बसतात आणि दोघेही त्याच ग्रामसेवकाकडून घरकुलाचे उद्दिष्ट, करवसुली, ग्रामसभेचे इतिवृत्त असली पन्नास कामे रोज करून घेत असतात. ज्या माणसावर आपले सगळे काम अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच फोन करून वसुलीचा आकडा मागायचा. हे माणसाला अवघड जाते. त्यासाठी कुणी वाईट असण्याची गरज नाही.

यापेक्षाही मोठी एक अडचण आहे. ती आतल्या माणसालाच दिसते. पुष्कळ नकार खालच्या अधिकाऱ्याचे नसतातच. बैठकीत वरून तोंडी सूचना येते: अमुक रकमेच्या खाली उत्पन्न दाखवू नका, तमुक प्रकारची प्रकरणे सध्या थांबवा. कागदावर काही नसते. खालचा माणूस ती सूचना पाळतो आणि अर्ज फेटाळतो. मग अपील जाते कुणाकडे? ज्याने सूचना दिली त्याच्याकडे. तेव्हा तो अधिकारी खालच्या माणसाची चूक तपासत नसतो, स्वतःच्याच निर्णयावर सही करत असतो. अर्जदाराला याचा पत्ता नसतो. त्याला वाटते की आपण वर आलो.

हा प्रश्न नवा नाही. 1958 साली सर्वोच्च न्यायालयासमोर आंध्रातील कृष्णा जिल्ह्याच्या खासगी बसमालकांचे प्रकरण आले होते. त्यांचे मार्ग राज्य परिवहन महामंडळाकडे घेण्याची योजना सरकारने आखली होती. त्यावरच्या हरकती परिवहन खात्याच्या सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि दोन गोष्टींवर बोट ठेवले. ज्या खात्याविरुद्ध हरकत आहे त्या खात्याचाच भाग असलेल्या अधिकाऱ्याने ती ऐकणे योग्य नाही. आणि ऐकायचे एकाने व ठरवायचे दुसऱ्याने, असे झाले की सुनावणी नुसती उपचारापुरती राहते. हा निकाल मी निवृत्त झाल्यावर वाचला. वाचताना तो सातबाऱ्यावर बोट ठेवून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे आला. त्याचे ऐकले साहेबांनी, ठरवले खालून आलेल्या अहवालाने आणि लिहिले मी.

कायद्यानेच खात्यातला अधिकारी नेमला असेल तर न्यायालये ते बऱ्याचदा चालवून घेतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी हे पत्र न्यायालयाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. आपल्या कायद्याने हा दोष अटळ केलेला नाही. मी तो जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा मला एकच दिसले: अपील अधिकाऱ्याचा हुद्दा काय असावा हे कायदा सांगतो. तो त्याच कार्यालयातला, नकार देणाऱ्याचा थेट साहेबच असला पाहिजे, असे कुठेही म्हणत नाही. नेमणूक अधिसूचनेने होते. 2015 साली खात्यांनी सेवांच्या याद्या घाईघाईने काढल्या तेव्हा सोयीसाठी प्रत्येक रकान्यात लगतचा वरिष्ठ लिहिला गेला आणि पुढे तोच रिवाज झाला.

रकाना बदलता येतो. एका उपविभागातले अपील शेजारच्या उपविभागाच्या प्रांतांनी ऐकायला काय हरकत आहे? एका तालुक्यातल्या ग्रामपंचायतींची अपिले दुसऱ्या तालुक्याच्या पंचायत समितीकडे देता येतील. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर आहे, कागद पोर्टलवर आहेत, सुनावण्या पडद्यावर होऊ शकतात हे करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी पाहिले. अपीलदाराला एक पाऊलही जास्त चालावे लागणार नाही. पण निकाल लिहिणाऱ्याला उद्या सकाळी त्याच ग्रामसेवकाकडून आकडे घ्यायचे नसतील.

खात्यातल्या अपिलाच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो खोटा नाही. साहेबाने एक फोन केला की काम होते. मीही अशी कामे होताना पाहिली आहेत. अडलेला कागद दुपारी सुटला आणि बाई डोळे पुसत घरी गेली. पण याला देखरेख म्हणावे. वरिष्ठाने ती रोज करावी, त्यासाठी नागरिकाने अपील भरायची गरज पडू नये. अपील सुरू होते ते फोन करूनही काम झाले नाही तेव्हा, किंवा खालचा माणूस म्हणतो ‘माझेच बरोबर आहे’ तेव्हा. त्या वेळी समोर तिसरा माणूस लागतो.

बिहारने ही गोष्ट आपल्याआधी ओळखली. तिथला लोक शिकायत निवारण अधिकार कायदा 2015 चाच आहे आणि 5 जून 2016 पासून लागू झाला. तिथे तक्रार ऐकण्यासाठी अनुमंडळ (आपल्याकडचा उपविभाग) आणि जिल्हा पातळीवर वेगळा लोक शिकायत निवारण अधिकारी बसवला. तक्रारदार एका बाजूला आणि संबंधित खात्याचा अधिकारी दुसऱ्या बाजूला, दोघे त्याच्यापुढे समोरासमोर. निकालासाठी साठ कामकाजाचे दिवस. हे अधिकारीही सरकारीच आहेत, आकाशातून उतरलेले नाहीत. पण ज्या खात्याचा हिशेब ते मागतात त्या खात्याचे काम त्यांच्या डोक्यावर नसते. हरियाणाने 2021 मध्ये मुदत टळली की अपील आपोआप वर जाण्याची व्यवस्था केली, तीही चांगली आहे. मात्र ती उशिरावरचा इलाज आहे, आपला आपल्यावरच न्याय करण्यावरचा नाही.

आपण म्हणाल, तिसरे अपील आहे की आमच्याकडे. आहे, आणि आयोगाकडे पोहोचलेल्या माणसाचे ऐकले जाते असा माझा अनुभव आहे. पण हिशेब करून पाहा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पंधरा दिवस. पहिल्या अपिलाला तीस, दुसऱ्याला पंचेचाळीस, आपल्याकडे नव्वद. सगळ्यांनी आपापली मुदत पाळली, एकाही दिवसाची दिरंगाई झाली नाही, तरी एकशे ऐंशी दिवस होतात. अपील लिहायला, पाठवायला लागणारे दिवस वेगळेच. प्रवेशाच्या फेऱ्या काही आठवड्यांत संपतात. ज्या मुलाला जूनमध्ये दाखला नाकारला त्याला खराखुरा त्रयस्थ माणूस डिसेंबरात भेटणार. त्रयस्थपणा शेवटच्या पायरीवर ठेवला की तिथपर्यंत चढू शकणाऱ्यांनाच तो मिळतो. शेतमजूर दुसऱ्या अपिलालाच थकतो, कारण प्रत्येक तारखेला त्याची एक दिवसाची मजुरी बुडते. माझ्या टेबलावर आलेला तो माणूसही दुसऱ्या अपिलाला गेला नाही. त्याच्या मुलाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. मी विचारलेही नाही.

आता कायद्यातल्याच एका तरतुदीकडे लक्ष वेधतो, कारण ती आपल्या हाताशी आहे. माहिती अधिकार कायद्यात शास्ती फक्त माहिती अधिकाऱ्याला होते. पहिले अपील दाबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला काहीच होत नाही. तिथे पहिल्या अपिलाची काय अवस्था झाली हे राज्यातल्या प्रत्येक माहिती कार्यकर्त्याला माहीत आहे. आपला कायदा लिहिणाऱ्यांनी त्यातून धडा घेतला. कलम 10 म्हणते की प्रथम अपील अधिकारी वारंवार मुदत चुकवत असेल किंवा दोषी अधिकाऱ्याला वाचवण्याचा अवाजवी प्रयत्न करत असेल, तर त्यालाही पाचशे ते पाच हजारांची शास्ती लागेल. वाचवण्याचा प्रयत्न हा शब्दप्रयोग कायद्यात असणे ही मोठी गोष्ट आहे. विधिमंडळाने मान्य केले की साहेब हाताखालच्याला वाचवतो. पण ही शास्ती कुणी लावायची? दुसऱ्या अपील अधिकाऱ्याने, म्हणजे त्या साहेबाच्या साहेबाने. माझ्या नोकरीच्या उरलेल्या काळात मी ही शास्ती लागलेली एकदाही पाहिली नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात किती पहिली अपिले आली, किती मंजूर झाली, किती नामंजूर झाली आणि अपील अधिकाऱ्यांना या कारणासाठी किती शास्त्या झाल्या, हे खातेवार आकडे दर तीन महिन्यांनी कार्यालयाच्या दर्शनी भागात फळ्यावर लावायला सांगा. ज्या तालुक्यात वर्षभरात एकही अपील मंजूर होत नाही, तिथे एकतर सगळे कर्मचारी संत आहेत किंवा अपील ऐकलेच जात नाही. कार्यालयांची तपासणी करण्याचे आणि कार्यपद्धती बदलण्याची शिफारस करण्याचे अधिकार कायद्याने आयोगाला दिले आहेत. अशा तालुक्यांपासून तपासणी सुरू करा.

दुसरी विनंती आदेशांच्या मसुद्याबाबत आहे आणि ती मी जाणूनबुजून लहानसहान तपशिलात मांडतो, कारण सगळे तिथेच ठरते. अपील आले की ते ‘अभिप्रायासाठी’ खाली पाठवणे बंद करता येणार नाही, दुसरी बाजू मागवावीच लागते. पण तो अहवाल सुनावणीच्या आधी अपीलदाराच्या हातात पडला पाहिजे. आज तो फक्त फाईलमध्ये असतो. अपीलदार ज्याला उत्तर द्यायला आला आहे ते त्याने वाचलेलेच नसते. त्या शेतमजुराला माझ्या तीन ओळी आधी वाचायला मिळाल्या असत्या तर ‘चार नावे आहेत साहेब’ एवढे लिहून द्यायला त्याला वकील लागला नसता. आदेशात अपीलदाराचे म्हणणे काय होते आणि ते का पटले नाही हे लिहिणे सक्तीचे करा. ‘अपिलात तथ्य दिसून येत नाही’ हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिले आहे. ते कुठल्याही अपिलाला चालते, यातच त्याचा दोष आला. आणि ज्या कर्मचाऱ्याचा मूळ प्रकरणाशी संबंध आला त्याने अपिलाच्या फाईलला हात लावू नये, असा एका ओळीचा नियम आजपर्यंत कुठेही माझ्या पाहण्यात आलेला नाही.

‘त्रुटी’बद्दलही लिहायला हवे. पोर्टलवर अर्ज नामंजूर न करता ‘त्रुटी पूर्ण करा’ म्हणून परत पाठवायचा, ती पूर्ण केली की दुसरी काढायची. नकार नाही म्हणून कारण नाही, कारण नाही म्हणून अपिलात भांडायला काही हाताशी नाही. शनिवारी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे याच फेऱ्यात असतात. सगळ्या त्रुटी एकदाच, पहिल्याच वेळी कळवल्या पाहिजेत आणि त्यानंतर काढलेली त्रुटी हा नकार धरला पाहिजे.

नेमणुकांविषयी थोडे धीटपणे लिहितो. आयोगाचे पहिले मुख्य आयुक्त स्वाधीन क्षत्रिय हे राज्याचे माजी मुख्य सचिव होते. प्रशासनाचा अनुभव या कामाला लागतोच, त्याबद्दल मला शंका नाही. मी स्वतःही त्याच अनुभवातून लिहितो आहे. पण संपूर्ण उतरंडीत, तळापासून आयोगापर्यंत, टेबलाच्या पलीकडे उभा राहिलेला एकही माणूस नसेल तर काही गोष्टी कुणाला दिसतच नाहीत. आयुक्तांच्या निवडसमितीत मुख्यमंत्र्यांबरोबर विरोधी पक्षनेताही असतो. पुढच्या निवडीच्या वेळी या बाजूचा विचार व्हावा, असे आयोगानेच सरकारला कळवावे.

आणि एक गोष्ट मागच्या महिन्यातली. एक विधवा बाई नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी चार महिने ग्रामपंचायतीत हेलपाटे घालत होती. दाखला नसल्यामुळे तिचा निराधार योजनेचा अर्ज अडला होता. तिचे पहिले अपील मी लिहून दिले. तारखेला ती एकटीच गेली, मी तापाने झोपून होतो. दालनाचे दार अर्धे उघडे होते. आत तो ग्रामसेवक साहेबांच्या समोर खुर्चीवर बसला होता, चहा चालला होता, दोघे कशावर तरी हसत होते. कदाचित ते दुसऱ्याच कामाबद्दल बोलत असतील. बहुधा तसेच असेल. पण ती दारातूनच परत फिरली आणि एस.टी. पकडून गावी गेली. ‘हजर नाही’ म्हणून अपील निकाली निघाले.

मी तिला म्हणालो, ‘मावशी, आत जायला हवं होतं.’ ती म्हणाली, ‘भाऊ, ते दोघं एका घरचे. मी कुणाला सांगू?’

तिचे दुसरे अपील आम्ही येत्या सोमवारी दाखल करत आहोत. ते ज्यांच्यापुढे चालेल त्या अधिकाऱ्यांचे दालन पहिल्या दालनाला लागूनच आहे, मध्ये फक्त एक लाकडी फळ्यांची भिंत आहे. या वेळी मी तिच्याबरोबर जाणार आहे. आयोगाला अपिलाची कार्यपद्धती ठरवण्यासाठी कधी बैठक घ्यावीशी वाटली तर मी स्वखर्चाने येईन. मसुदा कसा तयार होतो, कोणता कागद कुठून कुठे जातो आणि तीन ओळी कशा उतरवल्या जातात, ते टेबलावर फाईल ठेवून दाखवीन.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून